पाहुण्याला ॲलर्जी असेल तर सगळ्यांचाच स्वयंपाक तसा करा

जेवायला येणाऱ्या एखाद्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे असं कळलं की आपल्याकडे हमखास ठरतं, "त्याच्यापुरती भाजी वेगळी काढून ठेवू." मला हे पटत नाही. वेगळी काढलेली वाटी सुरक्षित राहतच नाही. वाढताना कुटाच्या कोशिंबिरीतला चमचा तिच्यात जातो, साबुदाणेवडे तळलेल्या तेलातच पापड तळले जातात. शिवाय पंगतीत एकट्यानेच वेगळं जेवायचं, हे पाहुण्याला अवघडल्यासारखं होतं ते निराळंच.

त्यापेक्षा तो पदार्थ त्या दिवशी स्वयंपाकघरातूनच हद्दपार करा.

खरा धोका मुख्य जिन्नसात नसतो, बारीकसारीक गोष्टींत असतो. हिंगाची डबी उलटी करून वाचा. बाजारातल्या बहुतेक हिंगात मैदा किंवा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, म्हणजे गहू वर्ज्य असलेल्याला आपलं साधं वरणही चालत नाही. ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं प्रथिन, नाही, पण गिरणीत गव्हावर दळलेल्या ज्वारीच्या पिठात गहू येतोच. गोड्या मसाल्यात तीळ असतात. घाण्याच्या शेंगदाणा तेलात दाण्याची प्रथिनं उतरतात. आणि मिक्सरच्या झाकणाची रबरी रिंग काढून बघा, खाचेत कूट अडकलेलं दिसेल. भांडं कितीही घासलं तरी रिंग काढल्याशिवाय ते जात नाही.

तुपाबद्दल तर मला पोटतिडकीने सांगायचंय. दूध पचत नसलेल्याला, म्हणजे दुधातली साखर (लॅक्टोज) सोसत नसलेल्याला, तूप बहुधा चालतं. दुधाची ॲलर्जी असलेल्याला नाही, कारण कढवल्यावरही दुधातली प्रथिनं तुपात थोडी उरतात. त्यामुळे "दूध चालत नाही" एवढंच ऐकून थांबू नका, नेमका त्रास काय होतो ते विचारा.

पाकिटं वाचताना एक लक्षात ठेवा. दूध, गहू, सोया, शेंगदाणे, काजू-बदाम यांची सूचना लेबलवर देणं आपल्याकडे बंधनकारक आहे. तीळ आणि मोहरी त्या यादीत नाहीत. अमेरिकेत 1 जानेवारी 2023 पासून तिळाचा उल्लेख सक्तीचा झाला. इथे मात्र घटकांची यादी शेवटपर्यंत आपणच वाचायची.

एवढं सगळं टाळून मग खायचं काय? भरपूर आहे की! हिंगाशिवायच सूर्यफुलाच्या तेलात आमसूल-गुळाची आमटी, ओल्या खोबऱ्याची फरसबी, घरी स्वच्छ जात्यावर दळलेल्या ज्वारीची भाकरी, सोलकढी, आणि तुपाऐवजी खोबरेल तेलाचा हात लावून वळलेले उकडीचे मोदक. यात गहू, दूध, दाणे, तीळ काहीच नाही, आणि पानावर काही कमी आहे असं कुणाला वाटणारही नाही. नारळ आणि डाळी चालतात ना, तेवढं आधी फोनवर विचारून घ्या.

आग्रह मात्र नको. "एका घासाने काय होतंय" हे वाक्य या बाबतीत जिवावर बेतू शकतं. ओठ सुजले, अंगावर गांधी उठल्या, श्वास लागला तर घरगुती उपाय करत बसू नका. पाहुण्याकडे ॲड्रेनालिनचं इंजेक्शन असेल तर ते लगेच द्यायचं आणि थेट हॉस्पिटल गाठायचं. ते इंजेक्शन पर्समध्ये आहे की गाडीत, हे पानं मांडण्याआधीच विचारून ठेवा.

कूट आणि तीळ न घालता कुणी भरली वांगी करत असेल तर कृती जरूर लिहा, मला हवी आहे.