हा तो कोळी नव्हे

ताईचा मुलगा पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करतो. पूर्वपरीक्षा तिसऱ्यांदा हुकली, त्याच आठवड्यात आमच्या घरच्या ग्रुपवर एका काकांनी तो मेसेज टाकला. उगवता सूर्य, होडीत पाठमोरा म्हातारा, खाली मुद्दे. तुमच्याकडेही फिरून गेला असेल. अमेरिकन लेखक हेमिंग्वेच्या 'द ओल्ड मॅन अँड द सी' या कादंबरीतल्या कोळ्याने म्हणे ८४ दिवस जाळं टाकलं, मासा मिळाला नाही, तरी कुणापुढे हात पसरला नाही. ८५व्या दिवशी प्रचंड मासा आणला आणि गावाने त्याला खांद्यावर घेतलं. शेवटी ठळक अक्षरांत, 'म्हाताऱ्याने हार मानली नाही, मग तू का?'

भाच्याने खाली नुसते हात जोडले. दोन दिवसांनी ताईला फोन करून म्हणाला, मेसच्या डब्याचे पैसे पाठवू नकोस, माझं मी बघतो. एरवी असले मेसेज मी न वाचता पुसते. हा पुसला नाही.

आधी ते जाळं. हा म्हातारा कोळी, सांतियागो, गळाने मासे धरतो. कोकणात गरवणं म्हणतात तेच, फक्त भर समुद्रात आणि खूप खोल. त्याच्याकडे एकेकाळी एक फेकजाळं होतं, तेही विकून झालंय. मग मेसेजात जाळं आलं कुठून? माझा दाट संशय असा, की ते आपल्या शाळेतून आलं. पु. ल. देशपांड्यांनी या कादंबरीचा अनुवाद केला, त्याचं नाव 'एका कोळियाने'. हे शब्द जुन्या पाठ्यपुस्तकातल्या कवितेचे, आणि त्या कवितेतल्या कोळ्याला आठ पाय आहेत. पडतो, चढतो, पुन्हा पडतो, शेवटी वर पोचतो. पुलंनी नावात छान श्लेष साधला. मेसेज लिहिणाऱ्याने भिंतीवरच्या कोळ्याची गोष्ट होडीतल्या कोळ्याला चिकटवून दिली.

कारण होडीतला वर पोचत नाही. मासा मिळतो, अठरा फुटांचा, होडीपेक्षा दोन फूट लांब. परतीच्या वाटेवर शार्क तो खातात. भाला जातो, वल्ह्याला बांधलेला सुरा मोडतो, मग सोटा, मग सुकाणूचा दांडा. किनाऱ्याला लागतो तो सांगाडा. विकायला काही नाही, म्हणजे पैसेही नाहीत. खांद्यावर घेण्याचं म्हणाल तर डोलकाठी खांद्यावर घेऊन तोच रात्री एकटा चढण चढतो आणि झोपडीपर्यंत पाच वेळा खाली बसतो. दुसऱ्या दिवशी पर्यटक त्या सांगाड्याला शार्क समजतात. ही कसली मिरवणूक?

माणूस उद्ध्वस्त होईल पण हरणार नाही, हे वाक्य पुस्तकात आहे. कबूल. पण ते पहिला शार्क येऊन गेल्यावर आलेलं आहे. बाकीचे येऊन गेल्यावर तोच म्हातारा, पूर्वी त्याच्याबरोबर होडीवर जाणाऱ्या एका पोराला सांगतो की त्यांनी मला हरवलं, खरंच हरवलं. आणि का, तर मी फार लांब गेलो, हे तो त्याआधी होडीतच स्वतःशी बोललेला असतो. ही पानं फॉरवर्ड करायला कुणाला सुचत नाही.

पण हे सगळं मी एक वेळ सोडून दिलं असतं. माझं डोकं फिरलं ते 'कुणापुढे हात पसरला नाही' या ओळीने. ज्याने हे लिहिलं त्याने पुस्तकाची पहिली वीस पानंसुद्धा उघडलेली नाहीत. तो पोरगा, मॅनोलिन, या म्हाताऱ्याबरोबर चाळीस दिवस गेला. मासा नाही म्हणून आईबापांनी त्याला दुसऱ्या होडीवर धाडलं. तरी तो संध्याकाळी येतो, दोर उचलू लागतो, आणि रात्री टेरेस नावाच्या खानावळीतून जेवण आणतो. कशातून? दोन पुडांच्या डब्यातून. काळा घेवडा नि भात, तळलेली केळी, थोडा रस्सा. काटे-चमचे कागदी रुमालात गुंडाळून खिशात. म्हातारा विचारतो, कुणी दिलं? मालकाने, मार्टिनने. आधीही दिलंय का? दिलं असावं. मग मोठ्या माशाच्या पोटाकडचं मांस द्यायचं ठरलं होतं, त्याहून जास्त काही द्यायला हवं, असं म्हातारा म्हणतो आणि जेवायला बसतो. नको म्हणत नाही.

मेसेजात विनम्रतेचाही एक मुद्दा आहे, 'तक्रार न करता झुकणं'. पुस्तकात नम्रतेचं ते प्रसिद्ध वाक्य नेमकं कुठे येतं ते बघा. पोरगा ताजं आमिष आणून देऊ म्हणतो. म्हातारा म्हणतो, एक. पोरगा म्हणतो, दोन. म्हातारा, बरं, दोन. चोरलं नाहीस ना, एवढं विचारतो आणि आभार मानतो. तिथेच लेखक सांगतो की आपल्या अंगी नम्रता आली आहे हे त्याला कळत होतं, त्यात लाजिरवाणं काही नाही आणि खरा स्वाभिमान त्याने कमी होत नाही, हेही. म्हणजे घेण्याच्या क्षणी. झुकण्याच्या नव्हे. पुढे समुद्रात मासा होडी ओढून नेत असताना हाच 'एकटा लढणारा' पुन्हा पुन्हा म्हणतो, पोरगा बरोबर हवा होता.

मेसेजातलं बाकीचं झटपट. शार्क म्हणजे जळणारे नातेवाईक (काकांनी हे आवडीने टाकलं असणार). हेमिंग्वेने १९५२मध्ये कलासमीक्षक बेरेन्सनला पत्रात लिहिलंय की यात प्रतीकंबितीकं नाहीत, समुद्र म्हणजे समुद्र, शार्क म्हणजे शार्क. पुस्तक पन्नास प्रकाशकांनी नाकारलं? १९५२च्या सप्टेंबरात 'लाइफ' मासिकाने ते एका अंकात पूर्ण छापलं आणि दोन दिवसांत पन्नास लाखांवर प्रती गेल्या. पन्नास हा आकडा बहुतेक तिथूनच घसरत आला. 'सत्यकथा आहे' यात मात्र अर्धं तथ्य आहे, नाइलाजाने मान्य करते. १९३६मध्ये 'एस्क्वायर' मासिकातल्या एका लेखात हेमिंग्वेने क्युबातल्या एका म्हाताऱ्या कोळ्याची हकीकत दिली होती. मार्लिन जातीच्या मोठ्या माशाने त्याला दूर ओढत नेलं, दोन दिवसांनी इतर कोळ्यांनी त्याला साठ मैलांवर उचललं, माशाचा निम्म्याहून कमी भाग उरला होता. तो म्हातारा होडीत बसून रडत होता.

भाच्याला मी काही लिहिलं नाही. डब्याच्या पानाचा फोटो तेवढा पाठवला. रात्री उशिरा त्याचा मेसेज आला, 'मावशी, काळा घेवडा म्हणजे राजमा का?' ताईने परवा पैसे पाठवलेत. अजून परत आलेले नाहीत.