‘एव्हरीवन’ म्हणजे ‘सगळे’ नव्हे

रविवारी ताईकडे गेलो होतो. भाची यंदा दहावीला. तिच्या वहीत ‘एव्हरीवन हॅज अ ड्रीम’ हे धडधडीत बरोबर वाक्य होतं, आणि त्यातला ‘हॅज’ लाल पेनाने खोडून वर ‘हॅव’ लिहिलेलं. मला वाटलं, बाईंनी खोडलं. तर म्हणाली, ‘‘नाही मामा, मीच. आजोबांनी ग्रुपवर टाकलंय ना!’’

तो मेसेज मलाही आला होता, मी न वाचताच पुढे सरकलो होतो. ‘इंग्रजीचे ४ सोनेरी नियम, भले भले चुकतात!’ आता बसून वाचला. भले भले चुकतात हे खरं, सुरुवात लिहिणाऱ्यापासूनच आहे.

नियम पहिला: ‘एव्हरीवन म्हणजे सगळे. एकाला हॅज, अनेकांना हॅव. म्हणून एव्हरीवन हॅव.’

एकाला हॅज? मग ‘आय हॅव’मधला ‘आय’ किती जणांचा? पण ते सोडा. खरी गफलत भाषांतरात आहे. ‘सगळे’ला इंग्रजीत ‘ऑल’ आहे. ‘एव्हरीवन’मध्ये ‘वन’ डोळ्यांसमोर बसलाय: एकेक सुटा माणूस, म्हणजे आपला ‘प्रत्येकजण’. आणि मराठीत आपण काय म्हणतो? सगळे आले, पण प्रत्येकजण आला. ‘प्रत्येकजण आले’ म्हणून बघा, जीभच अडखळते. दाराची बेल वाजली की आतून आपण ओरडतो, ‘कोणीतरी आलंय!’ बाहेर पाच पाहुणे पिशव्या घेऊन उभे असले तरी क्रियापद एकवचनी. म्हणजे हा नियम पाठ करायचीसुद्धा गरज नाही, घरातच आहे. समवन, एनीवन, नोबडी, एव्हरीथिंग, सगळ्यांचं हेच. ‘ईच ऑफ द बॉइज’मध्ये बॉइज कितीही असोत, धनी ‘ईच’ आहे, म्हणून ‘हॅज’.

मुलांचा घोळ खरं तर त्या ‘एस’मुळे होतो. नामाला एस लागला की अनेकवचन, क्रियापदाला लागला की एकवचन: बॉइज प्ले, बॉय प्लेज. हे उफराटं आहे, हे कोणीतरी नीट सांगायला हवं होतं. मेसेजवाल्याने ते न सांगता आगीत तेल ओतलं.

आता नाइलाजाने एक कबुली. ‘एव्हरीवन’च्या पोटात अनेकपणा आहेच. दहावीच्या मुलांना ‘क्वेश्चन टॅग’ करावे लागतात, तिथे तो बाहेर येतो: ‘एव्हरीवन लाइक्स मँगोज, डोन्ट दे?’ क्रियापद ‘लाइक्स’ आणि शेपटीत ‘दे’. आजोबांच्या मेसेजात जे चिमूटभर सत्य आहे ते एवढंच, पण ते शेपटीतलं आहे, तोंडातलं नाही.

नियम दुसरा: ‘नन म्हणजे नॉट वन, म्हणून कायम एकवचनी. नन आर म्हणणारा अडाणी.’ व्युत्पत्ती बरोबर, निष्कर्ष चूक. इंग्रजी वापराबद्दल ज्याचा शब्द आजही मानतात त्या हेन्री फाउलरने आपल्या १९२६ सालच्या वापरकोशात स्पष्ट लिहिलंय की, ‘नन’ फक्त एकवचनी असतो असं समजणं हीच चूक आहे. शिवाय ऑक्सफर्डच्या मोठ्या शब्दकोशाचा हवाला देऊन तो म्हणतो, अनेकवचनी वापरच जास्त रूढ आहे. म्हणजे ‘नन ऑफ देम आर’ही चालतं, ‘नन ऑफ देम इज’ही चालतं. दुधासारख्या न मोजता येणाऱ्या गोष्टीला मात्र ‘इज’च: ‘नन ऑफ द मिल्क इज लेफ्ट.’ १९२६ साली मिटलेल्या वादावरून आज कोणाला अडाणी ठरवायचं, म्हणजे कमाल आहे.

तिसरा: ‘होकारार्थी वाक्यात सम, नकारात आणि प्रश्नात एनी.’ शाळेत शिकायला ठीक. पण पाहुण्याला चहा विचारताना ‘वुड यू लाइक सम टी?’ असंच विचारतात, आणि ‘एनीवन कॅन कम’ हे शंभर टक्के होकारार्थी आहे. पुढे चला.

चौथा: ‘एव्हरीवन ब्रॉट देअर टिफिन ही मोबाइल पिढीची चूक, हिज हवं.’ शेक्सपिअरच्या १६०० साली छापलेल्या ‘मच अडू अबाउट नथिंग’मध्ये ‘गॉड सेंड एव्हरी वन देअर हार्ट्स डिझायर’ असं वाक्य आहे. त्याच्याकडे कोणता मोबाइल होता? आपल्याकडे ‘आपापला’ हा सुंदर शब्द आहे: प्रत्येकजण आपापला डबा घेऊन आला. डबा बाईचा की बुवाचा, हा प्रश्नच उरत नाही. इंग्रजीकडे ‘आपापला’ नाही, म्हणून ‘देअर’वर भागवतात. ‘हिज’ लिहिलं तर व्याकरण बिघडत नाही, पण मुलींच्या वर्गाबद्दल लिहून बघा.

भाचीने ‘हॅव’ खोडून पुन्हा ‘हॅज’ केलं. वहीचं ते पान आता रणांगणासारखं दिसतंय. वडिलांना फोन करणार होतो, तेवढ्यात मेसेजची शेवटची ओळ नजरेला पडली: ‘प्रत्येकाने हा मेसेज दहा जणांना पाठवावा.’ प्रत्येकाने. ‘प्रत्येकांनी’ असं त्या पठ्ठ्यानेही लिहिलेलं नाही.