पोराला पाठ शिकवून कोर्टात आणू नका

आज कोर्टाच्या व्हरांड्यात एक आजी सहा-सात वर्षांच्या नातवाकडून घोकून घेत होती. "साहेबांनी विचारलं तर काय सांगायचं?" "बाबा मारतात. मला आईकडेच राहायचंय." शाब्बास म्हणून बिस्किटाचा पुडा. डोकं सणकलं माझं.

मूल ज्याचं नाव घेईल त्याला ताबा, हे कुणी डोक्यात भरवलंय? १८९० च्या पालक व पाल्य कायद्यातलं कलम १७(३) एवढंच सांगतं की पसंती समजून सांगण्याइतकं मूल मोठं असेल, तर न्यायालय ती विचारात घेऊ शकतं. वयाचा आकडा त्यात नाही. 'नऊ पूर्ण झाली की पोर ठरवतं' ही निव्वळ गावगप्पा. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही स्पष्ट केलं: मुलाची इच्छा त्याच्याशी बोलून कळते, पण त्याचं हित कशात आहे ते न्यायालय ठरवणार. आता कुणी म्हणेल, आपल्याकडे गोव्यात घरच्या बाबींना पोर्तुगीज संहिता. असू दे. मुलाचं हित पहिलं, हे पणजीतही तेच आणि पुण्यातही तेच.

जाणता न्यायाधीश मुलाला चेंबरमध्ये घेतो, आईबाप आणि वकील बाहेर. 'आई हवी की बाबा' असं तो विचारत नाही. डबा कोण भरतं, अभ्यासाला कोण बसतं, ताप आला तेव्हा रात्री जवळ कोण होतं, गेल्या रविवारी काय केलं, असं विचारत जातो. पढवलेलं पोर इथेच उघडं पडतं. 'मारतात' म्हणतं, पण कधी, कुठे, कशावरून, काही नाही. तेच वाक्य पुन्हा. सात वर्षांचं मूल 'मानसिक छळ' म्हणालं की समजायचं, हे कुणा मोठ्याचे शब्द.

आणि त्या आजीचा जावई खरंच मारत असेल तर? मग तर तिने नातवाचं नुकसानच केलं. खरी गोष्ट पाठ करून घेतली की खोटी वाटते. डॉक्टरचे कागद, पोलिसांतली तक्रार, वर्गशिक्षिकेची साक्ष, हे वकिलाकडे द्या. ते ओझं पोराच्या जिभेवर कशाला?

बरं, चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाला मनाविरुद्ध कुठे पाठवणं कठीण, हे मान्य. लहानग्याचंही ऐकायलाच हवं. २००८ मध्ये पश्चिम बंगालच्या एका खटल्यात खुद्द सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी आजी-आजोबांकडच्या लहान मुलाला चेंबरमध्ये बोलावून त्याचं मन जाणून घेतलं. पण ऐकणं वेगळं, त्याच्यावर निवाडा टाकणं वेगळं.

राग जरा ओसरल्यावर वाटतं, आजीला तरी कुणी सांगितलं असेल? भीतीच असते तिथे. आणि दावा वर्ष-दोन वर्षं चालला की मूल ज्याच्याकडे आहे त्याचंच नाव घेतं, कारण दुसरा त्याला धड दिसलेलाच नसतो. म्हणून ज्याच्याकडे मूल नाही त्याने पहिल्याच तारखेला भेटीसाठी अंतरिम अर्ज, म्हणजे निकालाआधीच्या तात्पुरत्या हुकमासाठीचा अर्ज, टाकावा. वार, वेळ, जागा, व्हिडिओ कॉल, मे महिन्याची सुट्टी, सगळं लिहून. चवथ तर वेगळी लिहाच: पहिला दिवस कुणाच्या घरी, गणपती दीड दिवसाचा की पाच, आणायला-सोडायला कोण, किती वाजता. नुसतं 'सणावाराला भेट' एवढंच लिहिलं, तर ऐन भाद्रपदात पुन्हा तारीख घ्यायची पाळी येते.