निघता न निघणारा पेन ड्राइव्ह

आमच्या वऱ्हाडात पेन ड्राइव्ह ही सार्वजनिक वस्तू आहे. सकाळी त्याच्यात लग्नाचे फोटो, दुपारी सातबारा, संध्याकाळी तोच ट्रॅक्टरच्या टेपात गाणी म्हणतो. मुक्काम खिशात, तंबाखूच्या पुडीशेजारी. म्हणून लिनक्सच्या, म्हणजे विंडोजऐवजी लिनक्स ही प्रणाली चालवणाऱ्या, कॉम्प्युटरला लावायच्या आधी त्याचं तोंड पाहून घ्या. कापसाचे तंतू, काळ्या मातीची पूड आणि थोडा चुना निघतो. कोरड्या लाकडी काडीने काढा, ओलं फडकं नको. "लिनक्समंधी दिसूनच नाही राहिला" ही तक्रार पुष्कळदा इथेच मिटते.

नाही मिटली तर टर्मिनल, म्हणजे कमांडा टाइप करायची खिडकी, उघडून 'सुडो डीमेसेज' (sudo dmesg) म्हणा. ही लिनक्सची रोजनिशी, तिच्या शेवटच्या ओळी वाचा. ड्राइव्ह लावल्यावर एकही नवी ओळ येत नसेल, तर बिचाऱ्या लिनक्सला पाहुणा आल्याचं कळलंच नाही. कॅबिनेटच्या पुढचं यूएसबीचं तोंड बारीक वायरीने बोर्डाला जोडलेलं असतं, ती सुटते. मागच्या तोंडात लावून पाहा. ओळी आल्या असतील तर 'एलएसबीएलके' (lsblk), ही कमांड लावलेल्या डिस्कांची यादी देते. इथे यादीत साइज बघायची, नाव नाही. जुन्या मशीनवर आतली डिस्क एसडीए आणि पेन ड्राइव्ह एसडीबी असतो. एनव्हीएमई या नव्या जातीच्या डिस्कचं नाव वेगळं असतं, म्हणून तशा नव्या मशीनवर पेन ड्राइव्हच एसडीए होऊन बसतो. नावावर विसंबून फॉरमॅट मारणाऱ्याला मी हात जोडतो.

16 जीबीचा ड्राइव्ह 14.9 दिसेल. मापात पाप नाही. कंपनी हजाराने मोजते, लिनक्स 1024 ने. पण साइज शून्य दिसली तर आतली चिप गेली, कमांडा ठोकत बसू नका. आठवडी बाजारातला स्वस्तातला '128 जीबी' मात्र तपासाच. एफ-थ्री नावाचं साधन आहे. त्यातलं 'एफ-थ्री-राइट' रिकामी जागा काठोकाठ भरतं आणि 'एफ-थ्री-रीड' भरलेलं परत वाचून पाहतं. नकली ड्राइव्हची खरी जागा संपली की पुढचं लिहिणं आधीचं पुसतं किंवा हवेत जातं, आणि तक्रार करायला तो तोंडही उघडत नाही.

आता फॉरमॅट, म्हणजे ड्राइव्ह पुसून त्यावर फाइली ठेवायची पद्धत नव्याने ठरवणं. इथे उत्साही माणूस ईएक्सटी-4 निवडतो, कारण ते लिनक्सचं घरचं. मग विंडोज त्या ड्राइव्हकडे बघून "फॉरमॅट करायचा का?" विचारतो आणि ट्रॅक्टरचा टेप मुका बसतो. टेपासाठी फॅट-32 ही जुनी पद्धत आणि एमबीआर (ड्राइव्हचे भाग नोंदवायची जुनी रीत) मांडणी, 'डिस्क्स' नावाच्या प्रोग्रॅममधून दोन मिनिटांत होतं. ड्राइव्हचं नाव 11 अक्षरांच्या आत ठेवा. फॅट-32 ची एक खोड आहे: 4 जीबीच्या वरची एक फाइल घेत नाही, 60 जीबी मोकळे असले तरी. लग्नाचा अख्खा व्हिडिओ हमखास इथे अडतो, तेही हळद-मांडव सगळं कॉपी होऊन झाल्यावर. त्याला एक्सफॅट लागतं. 2019 च्या 5.4 कर्नलपासून (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा) ते लिनक्सच्या आतच आहे. त्याआधीच्या मशीनवर एक्सफॅट-फ्यूज वेगळं टाकावं लागतं.

झेरॉक्सवाल्याकडून आलेल्या ड्राइव्हवर सगळे फोल्डर 'शॉर्टकट' झालेले असतात. विंडोजवर हा कहर. लिनक्सवर तो व्हायरस असा बसतो, जसा वरातीत घोडा सुटलेला नवरदेव. खरे फोल्डर फॅटवर 'लपलेले' अशी खूण घेऊन बसलेले असतात, आणि लिनक्स ती खूण मोजतच नाही, सगळं उघड दाखवतो. कधी सगळा माल बिननावाच्या एका फोल्डरात सापडतो. माल कॉम्प्युटरवर घ्या, ड्राइव्ह फॉरमॅट करा, परत टाका.

ड्राइव्हवरून कॉम्प्युटरवर कॉपी करताना 'फाइलचं नाव फार लांब' असं येईल. नाव लांब नाहीच, मराठी आहे! ईएक्सटी-4 वर नावाला 255 बाइट मिळतात आणि देवनागरीचा प्रत्येक तुकडा 3 बाइट खातो. 'ग्रामपंचायत' आपल्याला सहा अक्षरं दिसते, पण मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षर धरून तुकडे अकरा, म्हणजे 33 बाइट. असे तुकडे 85 च्या पुढे गेले की खेळ खलास. पेन ड्राइव्हवर मात्र 255 तुकडे चालतात. आमच्याकडे फाइलीचं नाव म्हणजे अर्जाचा अख्खा विषय, 'बाबत'सकट.

डिलीट करूनही जागा मोकळी होत नाही? पुसलेलं सगळं ड्राइव्हवरच ट्रॅश नावाच्या लपलेल्या फोल्डरात पडून आहे (फॅटची खूण लिनक्स मोजत नाही, पण टिंबाने सुरू होणारं नाव लपवतो). फाइलींच्या खिडकीत कंट्रोल-एच दाबा, दिसेल. पुढच्या वेळी शिफ्ट धरून डिलीट करा.

आणि निघणं. वऱ्हाडातला सोयरा "येतो बरं" म्हणून उठतो आणि फाटकापाशी अर्धा तास उभा राहतो, तसं हे. कॉपीची पट्टी शंभर टक्के भरली की पोट्टं विचारतं, "काढू का भाऊ?" थांब बे, लिहून राहिला तो. लिनक्स फाइल आधी रॅममध्ये घेतो आणि काम झालं म्हणतो. ड्राइव्हवर मागाहून सावकाश लिहितो. 1 जीबी उरला असेल आणि ड्राइव्ह सेकंदाला 5 एमबी लिहीत असेल, तर अजून तीन-साडेतीन मिनिटं. प्रॉक फोल्डरातल्या मेमइन्फो फाइलीत 'डर्टी' अशी ओळ असते, म्हणजे लिहायचा उरलेला माल. पुन्हा पुन्हा वाचली की तिथला केबीचा आकडा उतरताना दिसतो. उरलेलं लिहून टाकायला 'सिंक' (sync) म्हणा, टर्मिनल पुढच्या कमांडीला तयार होईपर्यंत चहा प्या, मग ड्राइव्ह सोडवणारं 'यूमाउंट' (umount). कमांडीच्या नावात 'अन'मधला एन नाही, शोधू नका. 'टार्गेट बिझी' आलं तर बहुतेक वेळा तुमचं टर्मिनलच त्या फोल्डरात बसलेलं असतं. पाहुण्याला निघ म्हणायचं आणि आपणच त्याच्या धोतरावर बसायचं! 'सीडी' मारून घरी या, परत यूमाउंट करा.

एवढ्यात लाइट गेली तर मशीन परत चालू झाल्यावर डीमेसेजमध्ये 'नीट अनमाउंट केला नव्हता' अशी ओळ येते. माउंट न करता, म्हणजे ड्राइव्ह वापरायला न जोडता, त्याच्या पार्टिशनवर (ड्राइव्हच्या भागावर) फॅट दुरुस्त करणारी 'एफएससीके-डॉट-व्हीफॅट' (fsck.vfat) चालवा, पुढे 'डॅश ए' (-a). फाइलींच्या तुटक्या शेपट्या 'एफएससीके' नावाच्या फायलींत गोळा होतात, शेवटी आरईसी. उघडून पाहिल्या तर कधी अर्धा सातबारा निघतो, कधी अर्धी वरात.