रोज एक ब्लॉग, ९० दिवसांत गिऱ्हाईक? आधी हिशेब मांडा

‘रोज एक ब्लॉग लिहा, किमान हजार शब्दांचा. वेळ नसेल तर एआयकडून लिहून घ्या. सगळ्या प्लॅटफॉर्मवर टाका. ९० दिवसांत गुगलवरून ऑर्डरी सुरू, खर्च शून्य.’ असा निरोप इंदूरच्या मराठी ग्रुपांमध्ये फिरतो आहे. रामबागेत भाजणी-मेतकूट करणाऱ्या किंवा सुदामानगरातून महेश्वरी साड्या कुरिअरने पाठवणाऱ्या, म्हणजे दळणापासून पॅकिंगपर्यंत सगळं एकटीने ओढणाऱ्या बाईला तो हमखास येतो. त्यातला एकेक दावा तपासून पाहू.

‘खर्च शून्य’

फोटो, मजकूर आणि दुरुस्ती धरून हजार शब्दांना तीन तास सहज जातात. ९० लेखांचे झाले २७० तास. रोज नऊ तास बसलात तरी पुरा एक महिना. तुमच्या तासाची किंमत फक्त १५० रुपये धरली, तरी ४०,५०० रुपये होतात. खिशातून नोट गेली नाही म्हणून ते फुकट ठरत नाही. त्या महिन्यात भाजणी कोण भाजणार, हेही त्या निरोपात कुठे लिहिलेलं नाही.

‘रोज लिहा’

इथेच सगळ्यात जास्त नुकसान होतं. रोज लिहायचं म्हटलं की विसाव्या दिवशी विषय संपतात. मग ‘खुसखुशीत चकली’, ‘चकलीच्या टिप्स’, ‘चकली का बिघडते’ अशी एकाच गोष्टीची चार पानं होतात आणि ती गुगलमध्ये एकमेकांच्याच पायात येतात. नव्या साइटवर अशा पातळ पानांचा ढीग पडला, की गुगल ती वाचून बाजूला ठेवून देतं. सर्च कन्सोल (आपली पानं गुगलमध्ये कशी दिसतात ते दाखवणारं गुगलचंच साधन) उघडून पाहा, त्यांच्यापुढे ‘क्रॉल्ड – करंटली नॉट इंडेक्स्ड’ असा शेरा दिसेल. पान आलं, पाहिलं, पण यादीत घेतलं नाही, इतकाच त्याचा अर्थ. अशा वेळी आणखी पानं टाकणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. त्या चार पानांचं एक भक्कम पान करायचं आणि उरलेल्या तिन्हींचे वेब-पत्ते त्याच्याकडे वळवायचे (रीडायरेक्ट).

एकट्याच्या धंद्याला दहा-बारा पानं पुरतात. ती कशी निवडायची? गेल्या तीन महिन्यांतल्या व्हॉट्सॲपवरच्या चौकशा वर सरकवत जा आणि पैसे भरण्याआधी लोकांनी जे विचारलं तेवढंच वहीत उतरवा. एकच प्रश्न तीनदा आला, तर त्याचं पान करा.

भाजणीवाल्यांना विचारतात: प्रमाण काय, पीठ किती दिवस टिकतं, चकली तेलात का विरघळते. इथे मोघम उत्तर चालत नाही. घरोघरी चालणारं ४:२:१ हे प्रमाण, म्हणजे १ किलो तांदळाला अर्धा किलो हरभरा डाळ आणि पाव किलो उडीद डाळ, आकड्यांत लिहा. तुमचं वेगळं असेल तर काय आणि का, ते सांगा. मोहन जास्त झालं तर चकली तेलात विरघळते, कमी पडलं तर दाताला कडक लागते. हे लिहून खाली दोन्ही चकल्यांचे फोटो शेजारी शेजारी लावा. एक किलो पिठाच्या चकल्या किती होतात, ते स्वतः तळून मोजा आणि मग लिहा. तो आकडा दुसऱ्या कुणाच्या पानावर तुमच्या पिठासाठी मिळणार नाही.

साडीवाल्यांकडचे प्रश्न वेगळे. लांबी ब्लाउजपीस धरून की सोडून? नऊवारी मिळेल का? ताणा रेशमी आणि बाणा सुती आहे, की साडी पूर्ण सुती? काठ दोन्ही बाजूंनी वापरता येतो का? हातमागाची कशी ओळखायची? महेश्वर इंदूरहून जेमतेम दोन-अडीच तासांवर आहे. मागावरच्या साडीचा आणि काठाच्या उलट्या बाजूचा जवळून घेतलेला फोटो तुम्ही देऊ शकता. पुण्यात बसून साड्या विकणाऱ्याला ते इतकं सोपं नाही.

‘हजार शब्द हवेतच’

शब्दसंख्येची किमान अट नाही, हे खुद्द गुगलने सांगितलं आहे. पीठ गरम पाण्यात भिजवायचं की गार, याचं उत्तर चार ओळींत बसत असेल तर चारच ओळी लिहा, आणि त्या पानाच्या माथ्यावर. आजीच्या आठवणी हव्याच असतील तर खाली.

‘एआयकडून लिहून घ्या’

एआय वापरलं म्हणून गुगल पान पाडत नाही. मार्च २०२४ मध्ये त्यांनी नियम कडक केले ते घाऊक मजकुराबद्दल: वाचणाऱ्याच्या कामाची नसलेली पानं ढिगाने काढणं, मग ती माणसाने लिहिलेली असोत की यंत्राने. स्वतःचं काही न घालता रोज एक पान यंत्राकडून काढून घेणं त्यात बसू शकतं. दुसरी अडचण म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गुगल अनेक प्रश्नांची उत्तरं एआयने बनवून वरच दाखवतं. ‘चकली म्हणजे काय’ असल्या सर्वसाधारण लेखावर मग कोण कशाला क्लिक करेल? शुद्धलेखन तपासायला किंवा तुमच्या पानाचं हिंदी करून घ्यायला एआय जरूर वापरा. प्रमाण, वजन, भाव मात्र स्वतः वाचून पाहा, यंत्र तिथे बिनधास्त चुकतं.

‘सगळ्या प्लॅटफॉर्मवर टाका’

इंस्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये टाकलेली लिंक दाबता येत नाही. व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी वापरली, तर ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केला आहे त्यांनाच निरोप जातो. म्हणून प्रत्येक पार्सलमध्ये ‘हा नंबर सेव्ह करा’ अशी चिठ्ठी घाला. साइट, व्हॉट्सॲप आणि तिसरं कुठलंही एक, यापलीकडे एकट्याने जाऊ नये.

‘९० दिवसांत ऑर्डरी’

कधीपासूनचे ९०? नवं पान गुगलमध्ये वर यायला आठवडे काय, महिनेही लागतात. चकलीचं पान नवरात्रात टाकलंत तर ते वरातीमागून घोडं. दिवाळीसाठीचं पान श्रावण लागायच्या आत तयार हवं. पुढच्या वर्षी नवं पान करू नका, त्याच पत्त्यावर भाव आणि तारखा बदला.

पानं महिनोन्‌महिने दिसतच नसतील तर आधी वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये ‘रीडिंग’ उघडा. सर्च इंजिनांना दूर ठेवणारी एक चौकट तिथे असते. साइट बनवून देणारा पुष्कळदा तिच्यावरची खूण काढायला विसरतो.

भाषेचाही हिशेब आहे. पुण्या-नाशिकची गिऱ्हाइकं मराठीत शोधतात, कधी रोमन लिपीतलं मराठी टाईप करून. इंदूरची मराठी मंडळीसुद्धा गुगलवर बऱ्याचदा हिंदीतच शोधतात. तेव्हा बाहेरगावच्यांसाठी मराठी पान आणि गावातल्यांसाठी त्याचंच हिंदी पान, अशी जोडी ठेवा. पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांत द्या. देवनागरी पत्ता कॉपी करून पाठवला की त्याची चिन्हांची माळ होते, नुसता ‘साडी’ हा शब्द ३६ चिन्हांचा होतो. असा दुवा बघून लोक फसवणूक समजतात. गावातली मंडळी घरी येऊन माल नेत असतील तर गुगलवर व्यवसायाची नोंद करता येते. निव्वळ ऑनलाइन विक्रीला ती मिळत नाही.

आता ऑर्डर कुठून आली, हे कळायचं कसं? प्रत्येक पानावर व्हॉट्सॲपचा दुवा द्या आणि त्यात वाक्य आधीच भरून ठेवा: एका पानावर ‘भाजणीचं प्रमाण वाचून विचारते आहे’, दुसऱ्यावर ‘नऊवारीबद्दल विचारायचं आहे’. पहिल्याच ओळीवरून पान ओळखता येतं, वेगळं सॉफ्टवेअर लागत नाही. त्याच्याशी दर महिन्याला सर्च कन्सोल ताडून बघा. जी पानं गुगलच्या निकालांत ८ ते २० या क्रमांकांत अडकली आहेत आणि पुष्कळ वेळा दिसतात, ती आधी सुधारा: मथळ्यात गिऱ्हाइकाचाच प्रश्न घाला, उत्तर वर आणा. पान वाचलं जातं पण निरोप एकही येत नाही, असं असेल तर त्या पानावर भाव आणि कुरिअरचा खर्च लिहिला आहे का, ते पाहा. बहुतेक वेळा तोच राहिलेला असतो.