खोकल्याबद्दल तुमचं बरोबर, न्यूमोनियाबद्दल नाही

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. मज्जारज्जूच्या दुखापतीनंतर फुप्फुसांचं काय होतं, यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: उंदरांना लुळं करून त्यांचे श्वास मोजणं क्रूर आहेच, शिवाय निरुपयोगी. चार पायांच्या प्राण्यावरून माणसाच्या छातीचं काय कळणार? अंथरुणाला खिळलेल्याला न्यूमोनिया होतोच, त्याला प्रयोग कशाला?

चार पायांचा मुद्दा पूर्ण मान्य. मानेतल्या मज्जारज्जूला मार बसलेला माणूस बसता केला की त्याचा श्वास तोकडा पडतो, आडवा केला की सुधारतो. पोटाचे स्नायू सैल पडल्यामुळे बसल्यावर आतडी पुढे-खाली ओघळतात, डायफ्रॅम, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला श्वासाचा स्नायू, सपाट होतो आणि त्याला खाली सरकायला वावच राहत नाही. उंदरात हे असं दिसणार नाही. शिवाय उंदीर माणसासारखा खोकतही नाही. खोकल्यावरचं बरंचसं काम मांजरं आणि गिनीपिग यांच्यावर झालंय. मी फिजिओथेरपिस्ट आहे. रुग्णाच्या बरगड्यांखाली दोन्ही तळवे टेकवून, त्यानं खोकायचा प्रयत्न करताच आत आणि वर जोरात दाबते, तेव्हा कुठे कफ घशापर्यंत येतो. उंदरावरून हे शिकता येत नाही.

पण न्यूमोनिया फक्त पडून राहिल्यानं होतो, हे मात्र खरं नाही, आणि ते उंदरांमुळेच कळलं. एका प्रयोगात उंदरांच्या एका गटाला दुखापत छातीच्या मणक्यांच्या वरच्या टोकाला, दुसऱ्याला छातीच्या नवव्या मणक्याच्या पातळीवर. मागचे पाय दोन्हींचे लुळे पडलेले, शस्त्रक्रिया दोन्हींवर झालेली. न्यूमोनियाचे तेच जंतू दिल्यावर वरच्या दुखापतीच्या गटाला ते नीट आवरता आले नाहीत. डायफ्रॅमची नस मानेतून, तिसऱ्या ते पाचव्या पातळीवरून निघते, म्हणजे ती दोन्हींत शाबूत. बरगड्यांमधले स्नायू सारखे उरत नाहीत, असं तुम्ही म्हणाल, आणि ते रास्तच आहे. पण वरच्या दुखापतीत प्लीहा, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशींचा अवयव, तीही आक्रसते, प्रतिपिंडं कमी बनतात; त्याचा छातीच्या स्नायूंशी काय संबंध? सिंपथेटिक नसा, म्हणजे आपल्या इच्छेविना चालणाऱ्या अवयवांना मेंदूचे आदेश पोचवणाऱ्या नसा, मज्जारज्जूच्या छातीच्या आणि कमरेच्या वरच्या भागातून बाहेर पडतात. त्यांच्या वर रज्जू तुटला की प्लीहा आणि अ‍ॅड्रिनल ग्रंथींवरचा मेंदूचा ताबा सुटतो. या दुखापतीनंतर माणसं दगावतात त्यात श्वसनाचे आजार, विशेषतः न्यूमोनिया, अगदी पुढे आहेत. म्हणून हे कळणं मला मोलाचं वाटतं.

क्रूरतेचं उत्तर माझ्याकडे इतकं सरळ नाही. या प्राण्यांचं मूत्राशय दिवसातून दोन-तीनदा हातानं दाबून रिकामं करावं लागतं, तेही कित्येक दिवस. प्राण्यांवरच्या प्रयोगांची तत्त्वं मांडणाऱ्या रसेल आणि बर्च या शास्त्रज्ञांनी 1959 सालीच सांगितलं होतं: पर्याय शोधा, संख्या घटवा, यातना कमी करा. तरी कितीतरी प्रयोगांत फक्त चाल मोजली जाते आणि फुप्फुसं न तपासताच फेकली जातात. एवढं सोसलेल्या जिवाकडून मिळू शकणारी माहिती वाया घालवणं मला अक्षम्य वाटतं, आणि इथे मी तुमच्याच बाजूची आहे.

मूळ लेखातलं ‘उंदरांवरून खोकल्याचं गणित उलगडतं’ हे वाक्य आज काढून टाकलंय.