शंभर टक्के निकाल, पण कितीपैकी?

दहावीचा निकाल लागला की मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावांमधे एक मेसेज फिरतोच फिरतो. झेडपी प्रशालेचा निकाल घसरला, शेजारच्या इंग्लिश मीडियमचा शंभर टक्के, सरकारी मास्तर फुकटचा पगार उचलतात, बंद करा त्या शाळा. शिकलेसवरलेले लोकपण पुढं ढकलतात म्हणून लिहितोय.

आधी ते शंभर टक्के. नववी संपत आली की काही शाळांमधून कच्च्या पोराच्या बापाला बोलावणं येतं, खुर्ची देतात, चहापण सांगतात आणि मग हळूच, "याला दहावी झेपणार नाय हो, सतरा नंबरचा फॉर्म भरा, नायतर दाखला घेऊन जा." सतरा नंबरवाला बोर्डाकडं खासगी विद्यार्थी म्हणून मोजला जातो, म्हणजे शाळेच्या नियमित निकालात तो नाहीच. आणि दाखला घेतलेला पोरगा येतो कुठं? झेडपीत. तो नापास झाला की खापर झेडपीवर.

बरं नुसत्या टक्क्यावर शाळा जोखायची म्हणता, तर २०१९ ला अख्ख्या राज्याचा निकाल ७७.१० टक्के होता आणि २०२० ला ९५.३०. एका वर्षात मास्तर हुशार झाले का? २०१९ ला भाषा विषयांचे तोंडीचे मार्क बंद केले होते, पुढच्या वर्षी अंतर्गत मूल्यमापनाचे २० मार्क परत आले, मुख्य फरक एवढाच. २०२१ ला तर परीक्षाच झाली नाही आणि निकाल ९९.९५!

मास्तर फुकट खातात याच्यात माझं मेसेजवाल्याशी थोडं जमतं, जिल्ह्याच्या गावाहून अपडाऊन करणारे आणि शेवटच्या तासाला बस गाठणारे आहेतच. पण गणित-विज्ञानाची जागा रिकामी असेल तर शिकवणार कोण? भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ ला झाली, त्यानंतर थेट २०२३ ला. आणि जे आहेत त्यांच्या मागं मतदार याद्या, निवडणुका.

पोरं कोणती येतात तेपण बघा ना. बीडकडं दिवाळी झाली की घरंच्या घरं कोयता घेऊन साखर कारखान्याला ऊसतोडीला जातात, पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, परत येत नाहीत आणि बोर्डाची परीक्षा त्याच्या आत येते, फेब्रुवारी-मार्चात. पोरगं म्हातारीजवळ राहिलं तर ठीक, नायतर सराव परीक्षेला हजेरीत नुसती गैरहजेरी. इंग्लिश मीडियमच्या वर्गात ही पोरं किती असतात?

राहिलं "बंद करा". शिक्षण हक्क कायदा १४ वर्षांपर्यंतच, आठवीला संपतो. याच कायद्याच्या, म्हणजे आरटीईच्या, २५ टक्के राखीव जागांतून इंग्लिश मीडियमला फुकट शिकलेल्या पोराला नववीला त्याच शाळेत फी भरावी लागते, आणि ज्याच्या बापाकडं ती नाही तो प्रशालेच्या दारात येतो. ती फी कोण भरणार तेवढं मेसेजमधे लिहायचं राहिलं वाटतं.